कु ऱ्हस्व, ई दीर्घ

एकतीस वर्षं मुद्रितं तपासली
लोअर परळच्या एका छापखान्यात.
'कोल्हेकुई' हा शब्द माझ्या हाताखालून
किती वेळा गेला असेल,
बहुतेक निवडणुकीच्या आधी,
बहुतेक 'विरोधकांची' या शब्दाला चिकटून.
पोरं नेहमी दीर्घ कू घालायची.
मी लाल शाईनं उकाराची शेपटी उलटी वळवायचो.
कु ऱ्हस्व, ई दीर्घ.
एवढाच माझा कोल्ह्याशी संबंध.

काकडीला राजी होणारा. द्राक्षं आंबट म्हणणारा.
उन्हात पाऊस पडला की बोहल्यावर चढणारा.
भाषेनं त्याला कामाला ठेवलं होतं
बारीकसारीक लबाड्यांसाठी,
मोठ्या लबाड्या माणसांकडेच ठेवून.

मग कन्नमवार नगरात,
निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात,
रात्री दोन-सव्वादोनला
खाडीच्या अंगानं ते सुरू झालं.
एकानं धरलं, तिघांनी उचललं,
आणि त्यातला कु ऱ्हस्व नव्हता.
मी पलंगावर उठून बसेपर्यंत संपला नाही,
चष्मा सापडेपर्यंतही नाही.
'अंगावर काटा' मी हजारदा तपासलेला.
तो आधी मानेवर येतो
हे कुठे छापलेलं नव्हतं.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर: 'लांडगा???'
कर्णिकबाईंनी नातवाचं खाली खेळणं बंद केलं.
सेक्रेटरी म्हणाले, पिंजरा. पिसाळलेला असला तर?
पिंजऱ्यासाठी मीही हात वर केला.
हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून
माझ्याविषयी गैरसमज होईल.

हिराजी वैती रविवारी चिंबोऱ्या घेऊन येतो.
म्हणाला, 'कोल्हा? आमच्या आज्याच्या आधीपासून हाय.
तुमची बिल्डिंग नंतरची.
ओहोटीला चला, दावतो.'

गेलो. भीती वाटली म्हणूनच गेलो;
जिथं भीती नाही तिथं कोण जातं
पहाटे साडेपाचला, गमबूट उसने घेऊन?

तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली,
बुडालेल्या हातांची नुसती बोटं.
पलीकडे ऐरोलीच्या पुलावर दिवे अजून चालू.
एक चप्पल. गणपतीचा एक पाट.
चिखल श्वास सोडत होता, नासक्या अंड्याचा.
आणि तो होता.
आला नाही. होताच, मला उशिरा दिसला,
अंक छापून झाल्यावर दिसते तशी चूक.

मातकट. घोट्यापर्यंत काळा, ओला.
एक कान फाटलेला.
कुत्र्यासारखा म्हणणार होतो,
पण कुत्रा माणसाकडं बघून काहीतरी मागतो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं
जसा मी मजकूर पाहायचो:
अर्थात न शिरता,
डावीकडून उजवीकडं,
कुठं काही चुकलंय का, एवढंच.
गुडघ्यांशी जरा थांबला.
(गुडघे त्या वेळी माझ्या ताब्यात नव्हते.)
मग सरकला पुढं, खूण न करता.

बांधावर परत येताना हे सगळं
मी हिराजीला सांगितलं, जरा रंगवूनच.
'तुमाला नाय बघत व्हता,' तो म्हणाला,
'तुमच्या मागं चिंबोरी व्हती.'

पिंजरा अजून आलेला नाही.
अर्जावर माझी सही आहे, सातवी.

आता दोनला जाग येते,
ते ओरडोत न ओरडोत.
वहीत 'कोल्हा' लिहितो. खाली काही येत नाही.
'सोनेरी' लिहिलं होतं, खोडलं. सोनेरी नव्हता तो.
'डोळ्यांचे निखारे' तर
दुसऱ्या कुणाच्या मजकुरातही मी खोडले असते.

खिडकी बंद करतो.
चौथा मजला आहे, कोल्हा उडत नाही,
तरी बंद करतो.
मग चार बोटं उघडतो.
डास येतात. येऊ देत.